ज्येष्ठांची ध्रुवीय प्रकाशाची वारी : निघण्यापूर्वी काय पाहावे?

दिवाळी सरली की माझ्या दवाखान्यात प्रवासाविषयीचे प्रश्न सुरू होतात. पूर्वी हे प्रश्न काशी, रामेश्वर किंवा फार तर काश्मीरपुरते असत. अलीकडे त्यांत नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड ही नावेही ऐकू येऊ लागली आहेत. कोणाचा मुलगा युरोपात स्थायिक झालेला असतो, कोणी सहल कंपनीची जाहिरात कापून आणलेली असते. प्रश्न मात्र एकच असतो : "डॉक्टर, हिवाळ्यात उत्तरेकडे जाऊन तो ध्रुवीय प्रकाश पाहण्याची फार इच्छा आहे. आमच्या प्रकृतीला झेपेल का?"

या प्रश्नाचे उत्तर मी आजवर दोनदा चुकीचे दिले आहे. ते दोन्ही प्रसंग आपल्याला सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिले गृहस्थ भूगोलाचे निवृत्त शिक्षक, वय ७२. ज्या प्रकाशाविषयी तीस वर्षे वर्गात शिकवले, तो एकदा प्रत्यक्ष पाहावा एवढीच त्यांची इच्छा होती. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला, त्यानंतर प्रकृती उत्तम. मी कागदावरून मान वर न करताच म्हणालो, "या वयात, त्या थंडीत? कशाला उगाच!" ते गेले नाहीत. दोन वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आज ते आधाराने खोलीतून गॅलरीपर्यंत येतात. त्यांची जुनी नोंद मी नंतर पुन्हा वाचली. त्या वेळी नकार द्यावा असे एकही वैद्यकीय कारण तिच्यात नव्हते.

दुसरे एक जोडपे. पहिला प्रसंग मनात सलत असल्याने या वेळी मी उदार झालो. रक्तदाब मोजला, ईसीजी पाहिला आणि "खुशाल जा" म्हणून प्रमाणपत्रावर सही केली. बाईंना पंधरा वर्षांचा मधुमेह होता आणि तळपायांना बधिरपणा होता. त्याविषयी मी विचारलेच नाही. तिथल्या दुसऱ्याच सकाळी, हॉटेलच्या दारासमोर, भुरभुरत्या बर्फाखाली दडलेल्या काचेसारख्या थरावरून त्या घसरल्या. मनगटाचे हाड मोडले. उरलेली सहल त्यांनी खोलीत बसून काढली.

पहिल्या वेळी मी केवळ वय पाहिले. दुसऱ्या वेळी हृदय पाहिले, पण पावले पाहिली नाहीत. नकार असो वा होकार, तो नीट तपासणी करूनच दिला पाहिजे, हे या दोन प्रसंगांनी मला शिकवले. आजचा लेख त्या तपासणीविषयी आहे.

कुठे जावे, केव्हा जावे?

सूर्याकडून सतत विद्युतभारित कणांचा झोत बाहेर पडत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यातील काही कणांना ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यांकडे वळवते. तिथे ते वातावरणातील ऑक्सिजन व नायट्रोजनवर आदळतात आणि आकाश उजळते. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनमुळे हिरवा, तर त्याहून बऱ्याच उंचावरील ऑक्सिजनमुळे तांबडा रंग दिसतो. या घटनेचा आधुनिक अभ्यास ज्यांनी पुढे नेला त्यांत नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलांड (१८६७–१९१७) यांचे नाव अग्रभागी आहे. मे २०२४ मधील मोठ्या सौर वादळात लडाखमधील हानले येथूनही आकाशात तांबडी छटा टिपली गेली होती. मात्र असे योग दुर्मीळ असतात. नेहमी दिसण्याची शक्यता असलेला पट्टा उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलँड, कॅनडा आणि अलास्का यांवरून जातो.

ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या पट्ट्यातली सगळी ठिकाणे सारखी थंड नसतात. नॉर्वेतील ट्रोम्सो हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या बरेच उत्तरेला, जवळजवळ ७० अक्षांशावर आहे. तरीही उबदार सागरी प्रवाहामुळे तिथले जानेवारीतील सरासरी तापमान उणे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. याउलट फिनलंडच्या अंतर्भागात पारा उणे २० ते उणे ३० अंशांपर्यंत उतरू शकतो. आइसलँडची राजधानी रेकयाविक येथे पारा शून्याच्या जवळपास राहतो, पण वारा बोचरा असतो. शिवाय ट्रोम्सोसारख्या शहरात विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे. दूरच्या वाडीवरील लाकडी घर छायाचित्रात कितीही मोहक दिसले, तरी तिथून रुग्णालय किती अंतरावर आहे हे विचारल्याशिवाय आरक्षण करू नये.

दुसरा मुद्दा महिन्याचा. हा प्रकाश पाहण्यासाठी अंधार हवा, कडाक्याची थंडी नव्हे. उत्तर नॉर्वेत सप्टेंबरपासून मार्चअखेरपर्यंत पुरेशी अंधारी रात्र मिळते. सप्टेंबर आणि मार्च या विषुवदिनांच्या महिन्यांत तर प्रकाशाची शक्यता थोडी वाढते. ट्रोम्सोत साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी या काळात सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही तास फक्त संधिप्रकाश असतो. लोकमान्य टिळकांच्या १९०३ सालच्या ग्रंथामुळे ध्रुवप्रदेशातील दीर्घ उषःकालाची कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. परंतु ज्यांना विस्मरणाचा विकार आहे, त्यांचा दिवस-रात्रीचा गोंधळ अशा अंधारात वाढू शकतो. हिवाळ्याचाच अनुभव हवा असेल तर ज्येष्ठांनी मार्च निवडावा असे माझे मत आहे. बर्फ असतोच, पण दिवसा भरपूर उजेड मिळतो. पायांची खात्री नसेल तर सप्टेंबर अधिक बरा. शहरांतले रस्ते तेव्हा बहुधा बर्फमुक्त असतात.

थंडीत शरीरात काय घडते?

थंडी लागताच त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त आतल्या भागाकडे वळते, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यातच श्रम पडले की धोका दुणावतो. म्हणून नुसते शांत उभे राहण्यापेक्षा बर्फातून जड बॅग ओढणे किंवा चढावर घाईने चालणे हृदयरोग्यास अधिक घातक ठरते. कोरडी, गार हवा श्वासनलिकांना आकसवते. दम्याच्या रुग्णाची धाप वाढते. थंडीत लघवी अधिक होते आणि तहान कमी लागते. परिणामी शरीरातील पाणी नकळत घटते.

वयोमानाने आणखी एक बदल होतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. थंडी वाजण्याची जाणीवच मंदावते. तरुण माणूस कुडकुडतो आणि आत जातो. वृद्ध माणूस "मला काही होत नाही" म्हणत उभा राहतो, आणि तोवर शरीराचे तापमान उतरू लागलेले असते. झोपेच्या गोळ्या आणि मद्य यांमुळे ही जाणीव आणखी बोथट होते. मद्याने ऊब येते हा समज चुकीचा आहे. त्याने त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते.

घरी करून पाहण्याच्या चार परीक्षा

आरक्षणाचे पैसे भरण्यापूर्वी, किमान तीन महिने आधी, पुढील चार गोष्टी करून पाहा. शेजारी कोणीतरी उभे असावे.

१. मध्यम गतीने दोन जिने चढा. छातीत दुखणे, दाटणे किंवा बोलता न येण्याइतकी धाप लागता कामा नये.

२. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळून परत या आणि बसा. याला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर घसरण्या-पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे.

३. भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहा.

४. डोळे मिटून, पायाच्या अंगठ्याला कापसाचा हलका स्पर्श कळतो का ते घरच्यांकडून तपासून घ्या. मधुमेहींनी ही परीक्षा अजिबात टाळू नये.

एखादी परीक्षा जमली नाही म्हणजे बेत रद्द, असे मुळीच नाही. तीन महिन्यांत पायांची ताकद आणि तोल बऱ्यापैकी सुधारता येतो. रोज अर्धा तास चालणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव, ओट्याला धरून टाचा उचलणे एवढे साधे व्यायामही उपयोगी पडतात.

त्यानंतर आपल्या डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, साखर, ईसीजी, गरजेनुसार हृदयाची पुढील तपासणी आणि डोळे हे सगळे पाहून घ्यावे. फ्लूची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घेतलेली असावी. न्यूमोनियाच्या लसीविषयीही विचारावे.

काही रुग्णांनी मात्र बेत पुढे ढकलणेच शहाणपणाचे ठरते. अलीकडच्या काही महिन्यांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेला असणे, थोड्या श्रमानेही छातीत दुखणे, पायांवर सूज व धाप असलेले हृदयाचे दौर्बल्य, आटोक्यात नसलेला रक्तदाब, ऑक्सिजनची गरज भासणारा फुप्फुसाचा विकार, ही त्याची प्रमुख कारणे होत.

औषधांची शिदोरी

औषधे नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावीत. सामान चुकले तर त्यासोबत औषधेही जातात. परतीला उशीर होईल हे धरून आठवडाभराचा जादा साठा घ्यावा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह असावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या औषध दुकानात ओळखली जात नाहीत.

इन्सुलिन एकदा गोठले की निकामी होते. पुन्हा वितळले तरी वापरू नये. म्हणून ते विमानाच्या सामानकक्षात देऊ नये आणि बाहेर फिरताना आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. दम्याचा पंप आणि जिभेखाली ठेवायची गोळी यांचीही जागा तीच. साखर मोजण्याचे यंत्र गारठ्यात चुकीचा आकडा दाखवू शकते. मोजणी उबदार खोलीत करावी. श्रवणयंत्राची बॅटरी थंडीत लवकर उतरते, जादा जवळ बाळगावी.

नॉर्वेचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. जाताना दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिनची वेळ व मात्रा कशी बदलायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ प्रवासात बदलता येईल का हेही विचारावे. ती मनाने बंद करू नये. बसमध्ये सोय नाही म्हणून पाणी पिणे टाळणारे रुग्ण मी पाहिले आहेत. लांबच्या विमानप्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पाणी पीत राहावे, तासा-दीड तासाने उठून चालावे आणि बसल्याजागी घोटे वर-खाली हलवावेत. मोठ्या विमानतळांवर चाकांच्या खुर्चीची मदत आधी नोंदवून घेण्यात कमीपणा मानू नये.

या देशांच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. मात्र आधीपासून असलेले आजार अनेक पॉलिसींतून वगळलेले असतात. ते कलम मुलांनी स्वतः वाचावे. खाऊ नेताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास तिकडे बंदी आहे हे लक्षात असू द्या. पेढे-बर्फी घरीच ठेवावी. चिवडा, चटणी, भाजलेले दाणे उपयोगी पडतात.

कपडे आणि पावले

एका जाड कोटापेक्षा तीन थर अधिक ऊब देतात. अंगालगत पातळ लोकरीचा थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा व ओल अडवणारा कोट. अंगालगत सुती बनियन घालण्याची आपली सवय इथे बाधते; सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि गार पडतो. कानटोपी हवीच, आणि नाकातोंडावरून मफलर, म्हणजे आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते. दोन-दोन जाड पायमोजे कोंबून बूट घट्ट करू नयेत. रक्तपुरवठा कमी होऊन पाय अधिक गार पडतात. तापमानाच्या आकड्यासोबत वाराही पाहावा : उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला सुमारे उणे २० अंशांसारखा गारठा जाणवतो.

बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना खालून चढवायच्या, बारीक खिळे असलेल्या रबरी पट्ट्या मिळतात. तिकडचे स्थानिक वृद्धही त्या वापरतात. पोहोचल्यावर पहिली खरेदी हीच करावी आणि हॉटेलच्या दारातच त्या चढवाव्यात. आत फरशीवर येताना मात्र काढाव्यात, कारण गुळगुळीत फरशीवर त्याच घसरवतात. पावले लहान, पाय किंचित फाकलेले, हात खिशाबाहेर. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी पडल्यावर डोक्याला मार लागला असेल, तर वरून काही दिसत नसले तरी लगेच रुग्णालयात जावे.

ऊब देणाऱ्या रासायनिक पिशव्या मधुमेहींनी थेट त्वचेवर ठेवू नयेत. बधिर पायाला भाजलेलेही कळत नाही. फिनलंडमधील वाफेच्या स्नानानंतर बर्फात उडी घेण्याचा प्रकार हृदयरोगी व रक्तदाबाच्या रुग्णांनी कटाक्षाने टाळावा.

रात्रीची प्रतीक्षा

प्रकाशाच्या शोधात निघणाऱ्या बसगाड्या संध्याकाळी निघून मध्यरात्रीनंतर परततात. निरभ्र आकाश शोधत त्या कित्येक तास फिरतात. नॉर्वेत रात्रीचे अकरा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. पहिल्या दोन रात्री शरीर अजून भारतीय घड्याळावरच चाललेले असते. म्हणून पोहोचल्याच्या रात्री बाहेर पडू नये आणि दुपारी झोप घ्यावी. ज्येष्ठांसाठी एका जागी शेकोटी, उबदार खोली व स्वच्छतागृह असलेल्या सहली अधिक सोयीच्या. बर्गन ते किर्केनेस ही किनारी जहाजसेवा १८९३ पासून चालू आहे. तिच्यात आपल्या खोलीत विश्रांती घेऊन प्रकाश दिसला की डेकवर जाता येते. डेक निसरडा असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

डोळ्यांविषयी एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. त्यामुळे फिकट प्रकाश पुष्कळदा राखाडी ढगासारखा दिसतो आणि कॅमेऱ्यात तोच हिरवागार येतो. वाढत्या वयात बाहुली कमी रुंदावते आणि डोळ्यांना अंधार सरावायला जास्त वेळ लागतो. वीस ते तीस मिनिटे मोबाइलचा पडदा पाहू नये. मोतीबिंदू पिकलेला असेल तर शस्त्रक्रिया आधी, सहल नंतर. आणि आकाश ढगाळ राहिले तर कोणाचाच इलाज चालत नाही. निदान तीन-चार रात्री हाताशी असाव्यात.

बरोबर असणाऱ्यांसाठी

वृद्ध व्यक्तीला "थंडी वाजते का?" असे विचारून थांबू नका, दर वीस मिनिटांनी तिला आत न्या. बोलणे जड होणे, पाय अडखळणे, हातातून वस्तू निसटणे, विसंगत बोलणे, कुडकुडणे अचानक थांबणे ही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी उबदार जागी नेऊन ओले कपडे काढावेत, ब्लँकेटमध्ये गुंडाळावे. शुद्ध पूर्ण असेल तरच गोड गरम पेय द्यावे आणि मदत मागवावी. बोट, नाक किंवा कान पांढरट व बधिर झाला तर तो चोळू नये, शेकोटीजवळ धरू नये. उबदार जागी नेऊन झाकावा आणि डॉक्टरांना दाखवावा. नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३, तर फिनलंड, स्वीडन व आइसलँडमध्ये ११२ हा क्रमांक आहे. तो सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा.

गेल्या मार्चमध्ये माझ्याकडचे सत्तरीचे एक जोडपे ही सगळी तयारी करून ट्रोम्सोला जाऊन आले. तीन महिने त्यांनी नेमाने जिने चढले. दोन रात्री ढग होते. तिसऱ्या रात्री वीस मिनिटे आकाश उघडले. परतल्यावर दोघेही दवाखान्यात आले, ते केवळ हे सांगायला.

त्यानंतर मी त्या भूगोलाच्या गुरुजींकडे गेलो आणि माझी चूक कबूल केली. त्यांचे बोलणे आता सावकाश, तुटक असते. ते म्हणाले, "डॉक्टर, जाता आले नसते तरी चालले असते. पण तुम्ही तपासून नाही म्हणायला हवे होते."

वाचकहो, आपण आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न विचाराल तेव्हा नुसत्या हो-नाहीवर उठू नका. काय तपासले आणि काय आढळले, ते विचारा. ते समजून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.